देवाणघेवाण की उसनवारी? : बल्गेरियन आणि अमेरिकन समकालीन कलेच्या संपर्काविषयी एक विचार

१

दोन देशांतील कलावंतांचा एकमेकांशी संबंध आला की त्याला 'सांस्कृतिक देवाणघेवाण' असे नाव देण्याचा प्रघात समीक्षेत आता इतका रूढ झाला आहे की, त्या नावाने नेमके काय सांगितले जाते याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. 'देवाणघेवाण' या जोडशब्दात दोन पक्ष आणि दोन दिशा गृहीत धरलेल्या आहेत. शिवाय जे दिले गेले आणि जे घेतले गेले त्यांचे मोल स्थूलमानाने सारखे असावे, असा एक व्यापारी संकेतही त्यात दडलेला आहे. प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी हा शब्द शोभून दिसतो. समीक्षकाने मात्र तो उच्चारण्यापूर्वी दोन साधे प्रश्न विचारावयास हवेत. कोणी काय घेतले? आणि घेतल्यानंतर त्याचे काय झाले?

हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात बल्गेरियन आणि अमेरिकन समकालीन कलेच्या संबंधात विचारावयाचे आहेत. ही जोडी निवडण्यास कारण आहे. बल्गेरियाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ६५ लाख. १९८९ पर्यंत तेथे साम्यवादी राजवट होती, आणि तेथील भाषा देशाबाहेर फारच थोड्यांना येते. दुसऱ्या बाजूस ज्या देशाच्या संग्रहालयांनी, नियतकालिकांनी आणि बाजाराने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कलेची परिभाषा बव्हंशी घडविली, तो अमेरिका देश आहे. पक्ष इतके असमान असले म्हणजे 'देवाणघेवाण' या शब्दाची परीक्षा आपोआपच कसोशीने होते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित आहे. आयनार हॉगन यांनी १९५० मध्ये उसन्या शब्दांचे जे विश्लेषण केले, त्यात प्रारंभीच एक मार्मिक शंका उपस्थित केली आहे. भाषांच्या बाबतीत 'उसने घेणे' हे रूपकच मुळी विसंगत आहे; कारण ज्याचे घेतले त्याची संमती कोणी विचारीत नाही, त्याचे काही कमी होत नाही, आणि घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधनही नसते. तीनच वर्षांनी, १९५३ मध्ये, उरिएल वाइनराइख यांनी भाषासंपर्कावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, संपर्काचे खरे स्थान द्विभाषिक व्यक्ती हे होय. दोन भाषा एकमेकींना भेटतात त्या अशा व्यक्तीच्या मनात. कलेच्या संपर्कालाही हे दोन्ही विचार लावून पाहण्यासारखे आहेत.

त्यांच्या जोडीला एक व्याकरणिक निरीक्षण ठेवले पाहिजे. परका शब्द भाषेत येणे ही संपर्काची केवळ पहिली पायरी होय. तो शब्द घेणाऱ्या भाषेचे प्रत्यय स्वीकारू लागला म्हणजे तो खरा त्या भाषेचा होतो. मराठीत 'स्टेशन' आले, आणि 'स्टेशनावर' असे सामान्यरूप होऊन ते आपले झाले. बल्गेरियन भाषेत निश्चित उपपद नामाच्या शेवटी जोडले जाते. त्यामुळे अलीकडे तेथे रुळलेले 'प्रोएक्त' आणि 'पर्फोर्मान्स' हे कलाव्यवहारातील शब्दही बल्गेरियन वाक्यात शेपटाकडे उपपद घेऊनच वावरतात. शब्दांनी घेणाऱ्या भाषेचे व्याकरण इतक्या सहज स्वीकारले; त्या शब्दांमागील कल्पनांनी ते स्वीकारले काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

दृश्यकला ही भाषा नव्हे, आणि चित्राला प्रत्यय लागत नाहीत, याची जाणीव प्रस्तुत लेखकास आहे. भाषाशास्त्रातून येथे सिद्धान्त आणावयाचे नाहीत. प्रश्न विचारण्याची एक शिस्त तेवढी आणावयाची आहे.

२

या विषयात पहिले नाव निघते ते ख्रिस्तोचे, आणि ते योग्यच आहे. ख्रिस्तो व्लादिमिरोव्ह याव्हाशेव याचा जन्म १३ जून १९३५ रोजी बल्गेरियातील गाब्रोवो या गावी झाला. १९५३ ते १९५६ या काळात तो सोफियाच्या कला अकादमीत शिकला. तेथून प्रागला गेला, १९५७ च्या जानेवारीत ऑस्ट्रियात निसटला, आणि १९५८ मध्ये पॅरिसला पोहोचला. तेथे त्याची जान-क्लोदशी भेट झाली. ती त्याच दिवशी कासाब्लांका येथे जन्मलेली, फ्रेंच कुटुंबातील. १९६४ मध्ये दोघे न्यू यॉर्कला आली. १९७३ मध्ये ख्रिस्तो अमेरिकेचा नागरिक झाला. देश सोडल्यानंतर तो बल्गेरियात कधीही परतला नाही. २००९ मध्ये जान-क्लोद आणि ३१ मे २०२० रोजी ख्रिस्तो, अशी दोघेही न्यू यॉर्कमध्येच निवर्तली.

या चरित्रातून 'बल्गेरियन प्रतिभा अमेरिकेला गेली' असे वाक्य सहज तयार होते. पण त्यातून पॅरिस गळून पडते. वस्तू गुंडाळण्याचा उद्योग ख्रिस्तोने पॅरिसमध्येच सुरू केला. २७ जून १९६२ रोजी रू व्हिस्कोंती ही अरुंद गल्ली त्याने आणि जान-क्लोदने तेलाच्या पिंपांची भिंत रचून अडविली, तीही तेथेच. पुष्कळसे अरबी शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत आले, आणि येताना फारसीचा उच्चार घेऊन आले. तसाच हा प्रकार आहे. कलावंताचे आडनाव पाश्चात्त्य ग्रंथांत फ्रेंच वळणाने लिहिले जाते, हीदेखील त्या मधल्या मुक्कामाची खूण होय. ख्रिस्तोच्या आधी व्हिदिन येथे १८८५ मध्ये जन्मलेला चित्रकार ज्यूल पास्किन याचा मार्गही पॅरिसवरूनच गेला होता. १९२० मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला, आणि १९३० मध्ये पॅरिसलाच वारला. बल्गेरिया आणि अमेरिका यांच्यातील कलासंबंधाचा इतिहास असा त्रिकोणी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

मग ख्रिस्तोच्या कलेत बल्गेरियन असे काय उरले? या प्रश्नाचे जे उत्तर वारंवार दिले जाते, त्याला आधार त्याने स्वतःच मुलाखतींतून सांगितलेल्या एका आठवणीचा आहे. अकादमीतील विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवशी ओरिएंट एक्स्प्रेसच्या मार्गालगतच्या शेतांवर पाठवीत असत. गाडीतून जाणाऱ्या पाश्चात्त्य प्रवाशांना सुबत्तेचे दर्शन घडावे, म्हणून शेतकऱ्यांनी यंत्रे कोठे उभी करावीत आणि गवताच्या गंजी कशा रचाव्यात, हे या विद्यार्थ्यांनी सांगावयाचे. समीक्षकांना ही आठवण फार आवडते. गंज झाकणारा पुढे इमारती झाकू लागला, असा सोपा दुवा तीतून जुळविता येतो.

हा दुवा मला अपुरा वाटतो, कारण तो केवळ शब्दसंग्रहाच्या पातळीवरचा आहे. गंज आणि कापड यांच्यात दिसणारे साम्य आकृतीचे झाले. अधिक महत्त्वाचा वारसा रचनेत आहे, आणि तो पाहावयाचा असेल तर कॅलिफोर्नियातील 'रनिंग फेन्स' या कृतीकडे वळले पाहिजे. १९७२ मध्ये सुरू झालेले हे काम १० सप्टेंबर १९७६ रोजी पूर्ण झाले. सोनोमा आणि मरीन या दोन परगण्यांतून पांढऱ्या नायलॉनचे साडेपाच मीटर उंचीचे कुंपण ३९.४ किलोमीटर धावत जाऊन अखेर पॅसिफिक महासागरात उतरले. चौदा दिवसांनी ते काढून टाकण्यात आले. कुंपणाची वाट ५९ पशुपालकांच्या खाजगी जमिनींतून जात होती. त्यांची संमती मिळविणे, १८ जाहीर सुनावण्यांना हजर राहणे, न्यायालयात तीन वेळा बाजू मांडणे आणि पर्यावरणावरील परिणामांचा ४५० पानांचा अहवाल तयार करविणे, यांत साडेतीन वर्षे गेली. ही सर्व खटपट कलाकृतीबाहेरची पूर्वतयारी नसून कलाकृतीचाच भाग आहे, अशी ख्रिस्तोची भूमिका होती.

येथे बल्गेरियातील ती आठवण पुन्हा तपासून पाहावी. दोन्ही ठिकाणी प्रसंग एकच आहे: एक कलावंत शेतकऱ्याच्या दाराशी जातो, आणि त्याच्या जमिनीवर, एरवी त्या जमिनीकडे न पाहणाऱ्यांसाठी एक दृश्य उभारावयाचे असते. फरक आहे तो क्रियापदाच्या अर्थात. पहिल्या प्रसंगी कलावंत शासनाच्या वतीने बोलतो, आणि त्याचे क्रियापद आज्ञार्थी असते: 'गंज इकडे हलव.' दुसऱ्या प्रसंगी त्याच्यामागे कोणतीही सत्ता नसते, म्हणून त्याला विध्यर्थात बोलावे लागते: 'आपण परवानगी द्यावी.' शेतकऱ्याला नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार असतो. आणि त्या अधिकारामुळेच त्याचे 'होय' हे कलाकृतीचे द्रव्य बनते. बल्गेरियातून ख्रिस्तोने प्रसंगाचा सांगाडा आणला. अमेरिकेत त्याला जाहीर सुनावणी ही नागरी संस्था मिळाली. त्या संस्थेत अमेरिकन लोक पिढ्यान्‌पिढ्या बसत आले होते. ते कलेचे माध्यम होऊ शकते हे सुचण्यास, जेथे अशी सुनावणीच नव्हती अशा देशातून आलेला माणूस लागला.

हे माझे वाचन आहे, आणि त्याला चरित्रातील पुराव्याची मर्यादा आहे. परंतु ख्रिस्तो आणि जान-क्लोद यांच्या नंतरच्या कृतींकडे पाहिले तर त्यास पुष्टीच मिळते. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील ७,५०३ केशरी दरवाजांची 'द गेट्स' ही कृती १९७९ मध्ये योजिली गेली, आणि ती प्रत्यक्षात येण्यास २००५ साल उजाडले. बर्लिनच्या राइशस्टागसाठी १९७१ पासून १९९५ पर्यंत वाट पाहावी लागली. खर्च स्वतःची रेखाटने विकून भागवावयाचा, पुरस्कर्ता घ्यावयाचा नाही, हा नियम दोघांनी पाळला. शासनाच्या आज्ञेने चित्र रंगविण्याचे शिक्षण ज्याला मिळाले होते, त्याने संमतीचे इतके कठोर व्याकरण स्वतःवर लादून घ्यावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याला उसनवारी म्हणता येणार नाही, आणि देवाणघेवाण हा शब्दही अपुरा पडेल. दोन व्यवस्था एका द्विभाषिक मनात भेटल्यावर तिसरी वाक्यरचना कशी जन्मास येते, याचे हे उदाहरण आहे.

३

ख्रिस्तोइतकी कीर्ती न लाभलेला, परंतु या चर्चेत तितकाच उपयुक्त असा दुसरा कलावंत म्हणजे डॅनियल बोझ्कोव्ह. १९५९ मध्ये बल्गेरियात जन्मलेल्या आणि सोफियाच्या अकादमीत शिकलेल्या बोझ्कोव्हने पुढे अमेरिका ही कर्मभूमी केली. ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्र काढण्याचे जुने तंत्र त्याला अवगत आहे, आणि मेन राज्यातील स्कोहेगन येथील कलाशाळेत त्याने ते शिकविलेही आहे. बल्गेरियात या तंत्राला मोठी परंपरा आहे. सोफियाजवळच्या बोयाना येथील चर्चमधील १२५९ सालची भित्तिचित्रे तिचे सर्वपरिचित उदाहरण होत.

बोझ्कोव्हने २००० मध्ये स्कोहेगनच्या 'वॉलमार्ट' या मोठ्या दुकानात एक भित्तिचित्र रंगविले, आणि त्याच काळात दाराशी उभे राहून येणाऱ्या गिऱ्हाइकांचे स्वागत करण्याची नोकरीही पत्करली. या कृतीच्या नावाचा आशय 'ठासून केलेल्या आतिथ्याचे शिक्षण' असा आहे. वरवर पाहता हा विनोद वाटेल. पण त्यातील दोन घटकांचा संबंध पाहिला म्हणजे विनोदाखालचा विचार दिसतो. ओला गिलावा वाळण्यापूर्वी रंग भरावा लागतो. चुकले तर तो भाग खरवडून पुन्हा लिंपावा लागतो. आणि चित्र भिंतीशी कायमचे एकजीव होते. असे तंत्र देवळाच्या किंवा राजवाड्याच्या, म्हणजे टिकण्याच्या उद्देशाने बांधलेल्या भिंतीसाठी निर्माण झालेले असते. दुकानाच्या फडताळावरचा माल मात्र रोज बदलतो. स्वागतकाचे आतिथ्यही असेच दुहेरी आहे. बाल्कन प्रदेशात पाहुण्याचे स्वागत हे घराचे कर्तव्य समजले जाते. येथे ते तासाच्या वेतनावर करावयाचे काम होते. बोझ्कोव्ह या दोहोंची नुसती तुलना करीत नाही. तो ती नोकरी खरोखरच करतो आणि भिंतही खरोखरच लिंपतो.

उसन्या शब्दाच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे जुन्या जगातील तंत्राला अमेरिकन वाक्यात बसविले आहे, आणि ते वाक्य त्यामुळे किंचित अवघडले आहे. हे अवघडलेपणच कृतीचे मोल होय. अमेरिकन दुकानाला आपल्या 'स्वागता'चा अर्थ प्रथमच परक्याच्या उच्चारात ऐकू येतो. ख्रिस्तोच्या बाबतीत आपण जे पाहिले तेच येथेही दिसते: परकी वस्तू आणली एवढ्याने काही साधत नाही, ती यजमान भाषेच्या नियमांना भिडली पाहिजे.

४

येथे एक धोका सांगणे आवश्यक आहे. दोन भाषांत सारखे दिसणारे शब्द आढळले म्हणजे एकीने दुसरीपासून घेतले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तुलनात्मक भाषाशास्त्राने हा मोह आवरण्यास शिकविले. कलासमीक्षेत तो अद्याप आवरलेला नाही. अमेरिकन कलेत एखादा प्रकार आधी दिसला, आणि बल्गेरियात नंतर दिसला, की 'प्रभाव' सिद्ध झाला असे मानले जाते.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकन कलावंत रॉबर्ट मॉरिस याची 'कार्ड फाइल' ही १९६२ ची कृती संकल्पनावादी कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. कार्यालयात असते तशी टिपणपत्रांची एक चळत. पत्रे वर्णानुक्रमाने लावलेली. आणि त्यांवर ती चळत कशी तयार झाली याचीच नोंद. आता नेद्को सोलाकोव्ह या १९५७ मध्ये जन्मलेल्या बल्गेरियन कलावंताची 'अतिगोपनीय' ही १९८९-९० ची कृती पाहावी. तीही टिपणपत्रांची पेटीच आहे. तिच्या १७९ पत्रांतून, तरुणपणी आपण राज्याच्या सुरक्षा खात्याशी कसे सहकार्य केले आणि १९८३ मध्ये ते कसे थांबविले, हे सोलाकोव्हने स्वतः उघड केले आहे. १९९० मध्ये ती प्रदर्शित झाली तेव्हा मोठी खळबळ उडाली.

वस्तू एकच, पण या दोन पेट्यांना एका वंशावळीत बसविणे म्हणजे उच्चार सारखा म्हणून दोन शब्द एक मानणे होय. मॉरिसच्या पेटीतील कागद स्वतःकडेच बोट दाखवितो. कृती म्हणजे तिच्या घडणीची नोंद, हा तिचा सिद्धान्त आहे. सोलाकोव्हच्या देशात टिपणपत्रांची पेटी हे तत्त्वचिंतनाचे साधन नव्हते. ज्यात माणसांची आयुष्ये बंद होत असे ते सरकारी हत्यार होते. त्याने ती पेटी कोणाच्या अनुकरणाने घेतली हा प्रश्न गौण आहे. तिला अर्थ आला तो शेजारच्या कचेरीतून.

या कृतीचे आणखी एक अंग भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेत भरते. बल्गेरियन क्रियापदाला एक विशेष रूप आहे. 'तो आला' हे मी स्वतः पाहिले असेल तर 'तोय दोय्दे' असे म्हणावयाचे. नुसते ऐकले असेल तर 'तोय दोशल'. मराठीत आपण 'तो आला म्हणे' असे एक पद जोडून जे सुचवितो, ते बल्गेरियनमध्ये क्रियारूपातच सामावलेले आहे, आणि ऐकीव गोष्ट सांगताना बोलणाऱ्याला त्याचे भान ठेवावे लागते. या योजनेवर तुर्की भाषेचा प्रभाव असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्याविषयी वादही आहे. ते मत खरे असेल, तर संपर्काचे सर्वांत खोल फळ कोणते याचेही ते उदाहरण ठरेल: प्रत्यय स्लाव्ह, पण सांगण्याची रीत शेजाऱ्याची.

१९९० च्या बल्गेरियात सुरक्षा खात्याची दप्तरे बंद होती. ती उघडण्यासाठी आयोग नेमणारा कायदा २००६ च्या अखेरीस झाला. तोपर्यंत कोण कोणाचा हेर होता याविषयीची बोलणी मुख्यतः 'म्हणे' याच अर्थाची होती. अशा वातावरणात सोलाकोव्ह स्वतःविषयी साक्षीदाराच्या अर्थात बोलला. लोकांनी ऐकीव रूपात काही सांगण्यापूर्वी त्याने प्रत्यक्ष रूपात सांगून टाकले. ही कृती २००७ मध्ये कासेल येथील 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा देशोदेशींच्या प्रेक्षकांना तिचा तपशील इंग्रजीतून समजला. तपशील पोहोचला, परंतु क्रियापदाचा अर्थ पोहोचणे अवघड होते. कारण इंग्रजीत पाहिलेले आणि ऐकलेले यांसाठी एकच भूतकाळ चालतो. संकल्पनावादाच्या परिचित परिभाषेत कृती चटकन बसली, आणि त्या चटकन बसण्यातच तिचा एक पदर झाकला गेला. छोट्या भाषेतील कलाकृतीला मोठ्या भाषेतील ओळख मिळताना जे घडते, त्याचा हा नमुना म्हणता येईल.

५

उलट दिशेने, म्हणजे अमेरिकेकडून बल्गेरियाकडे, काय आले याचे सर्वांत बोलके उदाहरण कोणत्याही दालनात घडले नाही. सोफियाच्या मध्यभागी १९५४ मध्ये उभारलेल्या सोव्हिएत सैन्याच्या स्मारकाच्या पायथ्याशी सैनिकांचा एक उठावदार शिल्पसमूह होता. १७ जून २०११ च्या सकाळी नागरिकांनी पाहिले, तो त्या सैनिकांचे सुपरमॅन, कॅप्टन अमेरिका, जोकर, सांताक्लॉज, रोनाल्ड मॅकडोनाल्ड इत्यादी अमेरिकन पात्रांत रूपांतर झाले होते. खाली बल्गेरियन अक्षरांत 'काळाबरोबर पाऊल' अशा अर्थाचे शब्द लिहिलेले होते. हे काम एका अनामिक गटाचे होते. काही दिवसांतच रंग धुऊन काढण्यात आला. पण त्याची छायाचित्रे जगभर गेली.

ही पात्रे म्हणजे उसने शब्दच होत, आणि घेणाऱ्याने मूळ मालकाची संमती विचारलेली नाही, हे हॉगन यांच्या निरीक्षणाशी जुळणारे आहे. परंतु त्यांचा अर्थ काय? नवे मुक्तिदाते आले असा आनंद, की एका साम्राज्याच्या जागी दुसरे आले असा उपहास? शिल्पातील सैनिकांचा आवेश जसाच्या तसा होता. वेश तेवढे बदलले होते. म्हणजे नामे अमेरिकन, आणि वाक्य मात्र जुनेच. ते वाक्य 'बाहेरून कोणी तरी येऊन आपल्याला सोडवितो' असे आहे, आणि त्यातील कर्ता बदलून पाहिला तरी कर्म बल्गेरियाच राहते. या कृतीची टीका रशियावर किंवा अमेरिकेवर जितकी आहे, त्याहून अधिक या वाक्यावर आहे, असे मला वाटते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, १९६८ च्या प्रागवरील स्वारीचे स्मरण म्हणून, हाच समूह गुलाबी रंगविण्यात आला, आणि चेक भाषेत बल्गेरियाची क्षमायाचना लिहिण्यात आली. त्या वेळी मात्र बल्गेरिया कर्ता झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकावरील शिल्पे उतरविण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे २०११ ची ती कृती आता छायाचित्रांतच पाहावी लागते.

अमेरिकन लोकप्रिय चित्रसृष्टीचा याहून समर्थ उपयोग पाहण्यासाठी दूर जावे लागेल. तो एकाही अमेरिकन कलावंताच्या सहभागावाचून झाला. 'आदानप्रदाना'च्या सरकारी अहवालात त्याची नोंद होणार नाही, हेही उघड आहे.

६

आता संस्थांकडे वळू. कारण कलावंत प्रवास करतात ते कोणाच्या तरी खर्चाने, आणि खर्च करणाऱ्याची भाषा त्या प्रवासाला चिकटते. रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने १९८४ ते १९९१ या काळात 'परदेशी संस्कृती-विनिमय' नावाची मोठी योजना राबविली. मेक्सिको, चिली, चीन, तिबेट, क्यूबा, सोव्हिएत संघ अशा ठिकाणी जाऊन तेथील कारागिरांबरोबर काम करावयाचे आणि प्रदर्शने भरवावयाची, असा तिचा क्रम होता. बल्गेरिया त्या यादीत नव्हता. मोठा देश स्वखुशीने विनिमयाला निघतो तेव्हा कोणाशी विनिमय करावयाचा हेही तोच ठरवितो.

१९८९ नंतर परिस्थिती बदलली. १९९५ मध्ये सोफियात समकालीन कलासंस्था स्थापन झाली. २००८ पासून तरुण बल्गेरियन कलावंतांसाठी 'बाझा' हा पुरस्कार सुरू झाला. मध्य व पूर्व युरोपातील अशा पुरस्कारांच्या एका साखळीत तो मोडतो. विजेत्यास न्यू यॉर्कमध्ये काही आठवडे राहून काम करण्याची संधी मिळते. या पुरस्काराने अनेकांना उपकृत केले आहे, याविषयी वाद नाही. परंतु या योजनेत प्रवासाची दिशा एकच आहे. सोफियाच्या तरुणाने न्यू यॉर्क शिकावयाचे. न्यू यॉर्कच्या तरुणाने सोफिया शिकावयाची असे कलम तीत नाही. तेथे जाणाऱ्याला आपली कला इंग्रजी निवेदनात मांडण्याची सवय करून घ्यावी लागते. त्या सवयीने जे सांगता येते तेच हळूहळू केले जाऊ लागते, ही भीती निराधार नाही.

यजमानपद भूषविण्यासाठी घर लागते, ही गोष्ट इव्हान मुदोव्ह या कलावंताने २००५ मध्ये मोठ्या चातुर्याने दाखवून दिली. सोफियात समकालीन कलेचे संग्रहालय उघडत असल्याची रीतसर जाहिरात आणि निमंत्रणे त्याने दिली. पाहुणे जमले, तेव्हा त्यांच्यासमोर पोदुयाने हे रेल्वेचे स्टेशन होते; संग्रहालय अस्तित्वातच नव्हते. पुढे २०११ मध्ये 'सोफिया आर्सेनल' हे समकालीन कलेचे संग्रहालय खरोखरीच निघाले. पण २००५ च्या त्या रिकाम्या उद्घाटनाने विचारलेला प्रश्न शिल्लक राहिला. ज्याच्या घरी पाहुण्याची कृती ठेवण्यास भिंत नाही, त्याच्याशी देवाणघेवाण कशी करावयाची? दुसऱ्या बाजूस 'रनिंग फेन्स'ची रेखाटने, छायाचित्रे आणि कागदपत्रे २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कलासंग्रहालयाने घेतली. गाब्रोवोच्या मुलाची कृती आता अमेरिकन कला म्हणून जतन होत आहे. यात अन्याय झाला असे नाही. कायद्याने आणि कर्तृत्वाने ती अमेरिकनच आहे. परंतु ज्या देशाने घेतले त्याने आपण काय घेतले याची नोंद ठेवावी, एवढी अपेक्षा गैरवाजवी नव्हे.

७

एवढ्या विवेचनावरून तीन गोष्टी वेगळ्या करता येतात. मॉरिस आणि सोलाकोव्ह यांच्या पेट्यांत जे दिसते ते केवळ आकृतिसाम्य होय. त्याला प्रभाव म्हणणे चूक. सोफियाच्या स्मारकावर जे घडले ती शब्दांची उसनवारी होय, आणि घेणाऱ्याने त्या शब्दांना आपले व्याकरण लावल्यामुळे ती अर्थपूर्ण झाली. ख्रिस्तो, जान-क्लोद आणि बोझ्कोव्ह यांच्या कृतींत याहून दुर्मिळ गोष्ट आढळते: यजमान संस्कृतीला तिच्याच एखाद्या रीतीचा, सुनावणीचा किंवा स्वागताचा, अर्थ परक्याच्या मुखातून नव्याने कळतो. 'देवाणघेवाण' हा शब्द राखून ठेवावयाचा असेल तर तो या तिसऱ्या प्रकारासाठी ठेवावा.

हा भेद केवळ परिभाषेसाठी करावयाचा नाही. सर्व संपर्काला सरसकट देवाणघेवाण म्हटले की बलाढ्य पक्षाला आपण काही शिकलो नाही हे उमगत नाही, आणि दुबळ्या पक्षाला आपण काय दिले हे सांगता येत नाही. बल्गेरियन समीक्षक ख्रिस्तोवर हक्क सांगतात तेव्हा ते जन्मगावाचा दाखला पुढे करतात. त्याऐवजी त्यांनी शेतकऱ्याच्या दाराशी झालेले ते संभाषण पुढे करावे. तो पुरावा अधिक बळकट आहे. अमेरिकन समीक्षकांनीही सोलाकोव्हसारख्यांच्या कृतींवर लिहिताना त्या कोणत्या परिचित पंथात बसतात हे सांगून थांबू नये. ज्या भाषेत त्या बोलल्या गेल्या, तीत पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टींची क्रियापदे वेगळी आहेत, एवढे तरी त्यांनी विचारून घ्यावे. मराठीसारख्या भाषेत कलासमीक्षा लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न परका नाही. आपल्याकडील चित्रकाराची कृती इंग्रजी परिचयपत्रिकेतून परत आपल्यापर्यंत येते, तेव्हा तिच्यातील कोणता अर्थ वाटेत गळाला, हे पाहण्याचे काम आपल्यालाच करावे लागणार आहे.